धूर खाली नेणारी शेगडी

आमच्या घरातली शेगडी धूर वर जाऊ देत नाही. चार बर्नरच्या मधोमध एक लांबट फट आहे, तिच्यावर काळी जाळी. बटण दाबलं की फटीखालचा पंखा घुमायला लागतो आणि पातेल्यावरून उठलेली वाफ चार बोटं वर येते न येते तोच, मान धरून वाकवल्यासारखी वळते आणि फटीत जाते. तिथून ती ओट्याच्या पोटातून, फरशीखाली पुरलेल्या पाईपमधून, मागच्या भिंतीबाहेर पडते. म्हणजे पडते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मी इस्लामपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गरम झालेली हवा हलकी होऊन वर जाते हे मी दरवर्षी मेणबत्तीवर कागदाची नागमोडी पट्टी धरून पोरांना दाखवते. पट्टी गरगर फिरते, पोरं टाळ्या वाजवतात. त्यामुळे ही शेगडी मला पहिल्यापासून जरा उद्धट वाटायची. पण ती माझ्या आईसाठी आणली होती. म्हणून मी तिच्याबद्दल वाईट बोलले नाही.

आम्ही माणदेशातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पाऊस संपला की आई-वडील कळप घेऊन खाली बागायती मुलखात उतरायचे, कोरेगावकडून कऱ्हाड, तिथून पलूसपर्यंत. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावून न्यायचे, कारण एका मुक्कामात रानाला खत मिळायचं. बदल्यात ज्वारी, कधी शेंगा. मला मात्र आईनं कोरेगावात शाळेत ठेवलं. तिथल्या वर्गात पहिल्या दिवसापासून माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. "मेंढरू आलं" असं म्हणून पोरी नाकाला रुमाल लावायच्या. एका बाईंनी हे बघितलं आणि मला आपल्या टेबलाजवळ, पहिल्या बाकावर बसवलं. तपासायच्या वह्या माझ्याकडून आणून घ्यायला लागल्या. त्या बाईंचे आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात माझ्यासाठी जागा धरून ठेवणाऱ्या रेक्टरबाईंचे उपकार मी विसरू शकत नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पण नाकाला लागलेले ते रुमालही मी विसरले नाही.

वडील गेल्यावर कळप विकला. मला भाऊ नाही. आई गावी एकटी राहायची, चुलीवर दोन भाकरी थापायची आणि खोकायची. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात तिला साताऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमची छाती चुलीनं खाल्लीय. आता धूर बंद. नाहीतर दर थंडीला इथंच मुक्काम."

लेकीच्या घरी राहायचं म्हणजे आमच्याकडे आजही मान खाली घालण्यासारखं आहे. त्यात माझं लग्न जातीबाहेरचं. सासरची माणसं पलूसकडची, उसाची, घरात फौजेची परंपरा. आई तयार होईना. शेवटी म्हणाली, "यीन. पर सैपाक मी करनार. बसून खायाचं आसंल तर मला न्ह्यायचं न्हाई."

नवऱ्यानं हे मनावर घेतलं. तो साखर कारखान्यात इंजिनियर आहे, कुठलीही अडचण आली की त्याला आधी यंत्र सुचतं. इस्लामपुरात आमच्या घराचं बांधकाम चालूच होतं. पुण्याच्या एका मित्राच्या बंगल्यात त्यानं ही शेगडी बघितली होती. मला कागदावर चित्र काढून समजावलं. "भिंतीवरची चिमणी धूर वर ओढते, म्हणजे तो स्वयंपाक करणाऱ्याच्या नाकावरूनच जातो. ही पातेल्याच्या काठावरूनच ओढते. आईंच्या नाकापर्यंत धूर पोचणारच नाही." मला भरून आलं. माझ्या आईच्या छातीचा विचार करून कुणी घरातली फरशी उकरून पाईप घालतं, हे मला कोरेगावच्या बाकावर असताना कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

बांधकामावर लक्ष माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मी मामा म्हणते. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. सासूबाई बऱ्याच आधी गेल्या. मामा रोज खुर्ची टाकून बसायचे आणि गवंड्यांना हिंदीत कवायतीसारखे हुकूम द्यायचे. स्वयंपाकघर आग्नेयेलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट. वास्तुशांतीत जी वास्तुप्रतिमा पुरतात तिची जागाही आग्नेय कोपऱ्यातच. त्यासाठी ओट्याशेजारची एक फरशी तेवढी न बसवता मोकळी ठेवली होती. वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत पाटावर होमासमोर बसलो होतो. आतून गवंड्याच्या पहारेचे ठोके येत होते. मध्येच ते थांबले. काही कुजबुज झाली. मग मामांचा आवाज आला, "मुहूर्त टळतोय. चलो, आगे बढो." पुन्हा ठोके सुरू झाले. होमाच्या धुरानं माझे डोळे भरून आले होते, मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आई आली ती एक पिशवी आणि एक घोंगडी घेऊन. घोंगडी काळी, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, वडिलांच्या हयातीत विणून घेतलेली. मामांनी स्वागत झकास केलं. "या विहीणबाई! आता आराम करायचा." आई म्हणाली, "आवं, तुमच्या पलूसच्या रानात आमची मेंढरं बसल्याती. वळकीचीच मान्सं तुमी." मामा खो खो हसले. "मग आमचा ऊस गोड लागतो तो त्यामुळं व्हय?"

शेगडीशी मात्र तिचं पहिल्या दिवसापासून वाकडं. पंखा चालू केला की जाळ फटीकडे कलायचा. आई भाकरी तव्यावरून काढून जाळावर धरायची, तर ती एकाच अंगानं फुगायची, दुसरं अंग पांढरं राहायचं. परातीत पीठ घेतलं तर वरचं पीठ उडून जाळीवर बसायचं. "जावयानं भूत आनलंय," ती म्हणायची. "खालनं वढतंय. आदी जाळ खातंय, मग पीठ खातंय, मग मला खाईल." मी पंखा चालू करायची, ती भाकरीपुरता बंद करायची. पण तिचा खोकला कमी झाला. चटणीसाठी मिरच्या भाजल्या तरी तिला ठसका लागला नाही. सकाळी ती दम न लागता अंगणापर्यंत चालायला लागली. रविवारी मामांना मेंढ्याचं मटण लागायचं, आणि आईच्या हातच्या तांबड्या रश्श्यावर ते इतके खूश झाले की दुसऱ्या कुणाला पातेल्याजवळ जाऊ देईनात. आईला दात नसल्यामुळे ती फक्त रस्सा भुरकायची.

वास उन्हाळ्यात सुरू झाला.

आधी तो ओल्या फडक्याचा वाटला. मी ओट्यावरची सगळी फडकी उकळून काढली. मग तो समईच्या शिळ्या तेलासारखा झाला. मग जसजसं ऊन वाढलं तसा त्याला एक गोडूस, जड, चिकट अंश आला, जो नाकातून घशात उतरायचा आणि चहात मिसळायचा. सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं की तो अंगावर यायचा, जणू रात्रभर कुणी आत तोंड उघडं टाकून झोपलं होतं. पंखा चालू केला की थोडा कमी व्हायचा. बंद केला की फटीतून एक ऊबदार उचकी यायची आणि वास दुप्पट.

आम्ही शोधायचं ते सगळं शोधलं. मोरीची जाळी काढली, फ्रीजखालचा ट्रे काढला, पाल मेलीय का बघितली, उंदीर मेलाय का बघितला. कपाटाच्या तळाला बोट लावलं तर बोट तेलकट व्हायचं. शेगडीचा माणूस बोलावला. त्यानं फटीतली जाळी काढून दाखवली. जाळीच्या छिद्रांत पीठ आणि तूप मिळून पिवळी साय धरली होती, ती त्यानं नखानं खरवडली. खाली तेल साठायची एक वाटी असते, तिच्यात बुडालेली मुंगळ्यांची रांग होती. "मॅडम, हे दर आठवड्याला धुवायचं," तो म्हणाला आणि गेला. मी दर आठवड्याला धुवायला लागले. गरम पाण्यात सोडा घालून, नाकावर पदर बांधून. जाळी चकाचक झाली. वास तसाच. त्यामुळे शेगडी आमच्या यादीतून सुटली.

मग आखाड आला. आखाडात आमच्याकडे पाहुण्यांसह जेवणावळी होतात, श्रावण लागायच्या आत सगळ्यांना मटण खाऊन घ्यायचं असतं. ते आठवडे स्वयंपाकघरात उभं राहवेना. आणि एका सकाळी दार उघडताना मला तो वास एकदम ओळखू आला. मेंढरांचा वास. पावसात भिजलेल्या कळपाचा. मी त्या वासात वाढले आहे, माझी चूक होणं शक्य नव्हतं.

मी कुणाला बोलले नाही. पण नाक काही एकट्या मलाच नव्हतं. श्रावण लागला, घरात मटण बंद झालं, वास गेला नाही. जेवताना मामा ताटाकडे बघत म्हणाले, "मांस-मच्छी बंद हाय, तरी वास हाय. मंग त्यो घरात कशाचा ऱ्हायला?" आईची खोली स्वयंपाकघराला लागून. थोड्या वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, विहीणबाईंचं ते कंबल जरा धूप दिखाव. बुरा नको मानू बेटा."

घोंगडी आधी गच्चीवर गेली. मग मागच्या भिंतीलगतच्या तारेवर. तिथून ती परत आत आलीच नाही. नवऱ्यानं भिंतीत खोचायचं एक अत्तराचं यंत्र आणलं, मोगऱ्याचं. आता सकाळी दार उघडलं की मेंढरू मोगरा माळून उभं असायचं. त्याहून घाणेरडं मी आयुष्यात काही हुंगलेलं नाही. चांगल्या घरांची ही रीत मला तेव्हापासून किळसवाणी वाटते: घाण शोधायची नाही, तिच्या अंगावर फुलं टाकायची.

आईला कुणी काही म्हणालं नाही. नवरा तर इतका जपून बोलायचा की तेच वाईट. "आई, गिझर चालू करू का?" सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "आई, हा नवा साबण बघा." आई बघायची. दोनदा आंघोळ करायची. औषधी साबणानं हात घासून घासून तिच्या बोटांना भेगा पडल्या. तिनं ओट्यापाशी यायचं कमी केलं. भाकरी मी करायला लागले. ज्या अटीवर ती आली होती ती अट तिनं आपणहून सोडून दिली.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आले. आई खोलीत खिडकीजवळ उभी होती, दाराकडे पाठ. तिनं पदराचं टोक उचललं, नाकाशी धरलं आणि हुंगलं. मग खांदा वाकडा करून झंपरची बाही हुंगली. मग हाताचा तळवा. शाळेत पहिल्या बाकावर बसायला लागल्यावर मी रोज सकाळी अगदी हेच करायची. मी आवाज न करता मागे फिरले आणि बाहेरच्या नळावर उगाच पाय धूत बसले.

श्रावणातच घरी सत्यनारायण घातला. शेजारच्या वकिलीणबाई प्रसादाला आल्या. आईनं प्रसादाची वाटी पुढे केली. बाईंनी ती घेतली, आपल्या बोटांकडे बघितलं, आणि हसून मला म्हणाल्या, "घर छानच झालंय हं. पण कुठंतरी असा... गावाकडचा वास येतोय, नाही?"

"मेंढरांचा," आई म्हणाली. "सरळ म्हना की. आमी मेंढरंवालंच हाय."

"अय्या, तसं नव्हतं म्हणायचं मला!" बाई म्हणाल्या. प्रसादाची वाटी त्यांनी जाताना चपलांच्या कपाटावर ठेवली, तशीच भरलेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आईची पिशवी दारात.

"दुपारच्या यष्टीत बसवून दे."

"आये, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? पुढची थंडी तिथं काढशील?"

"छातीत धूर गेल्याला परवडतो गं. ह्यो वास न्हाई परवडत." तिनं पिशवीची नाडी ओढून गाठ मारली. "तुझं शिकून बरं झालंय. माझ्या पायी तुझ्या घराला नाकं मुरडत्याती. पन्नास कोस लांब ऱ्हाऊन मी तुला साळंत घातली ती काय ह्याच्यासाटी? जा, माझी घोंगडी आन."

मी मागच्या अंगणात गेले. आत नवरा आईच्या प्रवासासाठी पुऱ्या तळत होता, त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. पंख्याचा घुमणारा आवाज भिंतीतून ऐकू येत होता. मी तारेवरची घोंगडी ओढून घेतली आणि तिच्यात तोंड खुपसलं. मला खात्री करून घ्यायची होती. श्रावणातलं ऊनपाऊस खाल्लेली लोकर, विणल्यावर दिलेल्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास, थोडी धूळ. बस. मेंढरू त्यात होतं, पण कोरडं, डोंगरावरचं. स्वयंपाकघरातला तो चिकट, गोड, घशात उतरणारा प्रकार त्यात कणभर नव्हता.

तोंड वर केलं तर समोर, हातभर अंतरावर, शेगडीच्या पाईपचं भिंतीतलं तोंड. त्यावर झडप असते, आतून हवा आली की ती उघडते. झडपेच्या बिजागरीवर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, पक्कं वाळलेलं. आणि झडपेपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं. जुनं, धुळीनं राखाडी झालेलं, एक धागाही तुटलेला नाही. आत पंखा गरजत होता आणि जाळं हलत नव्हतं. मी घोंगडीचा एक सुटलेला धागा काढून झडपेच्या फटीपुढे धरला. तो सरळ खाली लोंबत राहिला.

मी किती वर्षं पोरांना शिकवत होते की हवा कुठंतरी जातेच, नाहीशी होत नाही.

"अहो, तळण बंद करा," मी आत येऊन म्हणाले. "ह्या घरातून आजवर धूर बाहेर गेलेलाच नाही."

नवरा ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून झोपला. पंखा ठीक, जोड ठीक, पाईप फरशीत उतरतो तिथंवर ठीक. तिथून तो आग्नेय कोपऱ्यातून मागच्या भिंतीकडे वळायला हवा. दोघांचीही नजर एकाच वेळी त्या एका फरशीवर गेली, जिच्या कडेचं सिमेंट बाकी फरश्यांपेक्षा जरा पांढरं होतं.

दारात मामा उभे होते.

"तिथं वास्तू हाय," ते म्हणाले.

"मामा, पाईप तिथूनच जातो ना?"

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "खड्डा खांदताना आडवा आला व्हता. गवंडी म्हनला, काय करू? भटजी म्हनले, हातभर खोल पायजे. मुहूर्त टळत व्हता. मी म्हनलो, काट दो. गवंडी म्हनला, पूजा झाली की जोडून घितो."

"आणि जोडला का?"

मामा त्या फरशीकडेच बघत राहिले. "जोडतो म्हनला व्हता," ते पुन्हा म्हणाले.

नवऱ्यानं छन्नी-हातोडा आणला. मामा पुढे झाले. "आज न्हाई. श्रावण हाय. बसवलेली वास्तू उकरत न्हाईत, घराला लागतं. भटजींना इचारू, ते दिवस काडून देत्याल."

"भटजी येईपर्यंत आई गेलेली असेल," मी म्हणाले. मी मामांना आजवर उलटून बोलले नव्हते. त्यांनी मला मुलीसारखं वागवलं आहे, जातीचा शब्द कधी काढला नाही, हे मी मानते. पण त्या वेळी माझ्या नाकात मोगरा होता, आणि डोळ्यांसमोर बाही हुंगणारी आई. छन्नी मी घेतली. पहिला घाव मी घातला.

फरशी उचकटली तेव्हा आधी आवाज आला, चिखलातून पाय ओढल्यासारखा. मग वास. आतापर्यंत आम्ही जो सोसत होतो तो याचा नुसता श्वास होता, हे तेव्हा कळलं. नवरा उठून बेसिनकडे पळाला. खड्ड्यात वाळू भरलेली होती, पण ती वाळू राहिली नव्हती. काळीभोर, थलथलीत, वरून मेणासारखी पांढुरकी साय धरलेली. कापलेल्या पाईपचं तोंड त्यात उघडं, त्यातून थेंब लोंबत होता. उजेड पडताच झुरळं सैरावैरा झाली, तूप माखलेली, त्यांना नीट पळताही येईना. साय छन्नीच्या टोकानं बाजूला केली तर खाली वास्तूबरोबर पुरलेलं सप्तधान्य, मोड येऊन, कुजून, चरबीत मुरून त्याचा लगदा झालेला. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. सगळ्या रविवारांची, सगळ्या आखाडाची मेंढ्याची चरबी, वाफ होऊन फटीत गेलेली आणि इथं येऊन गोठलेली. आणि त्या राड्यात, तोंड खाली करून ठेवतात तसा पालथा, तांब्याचा वास्तुपुरुष. पाठ तेवढी दिसत होती, काळी आणि बुळबुळीत.

म्हणजे माझं नाक चुकलं नव्हतं. वास मेंढरांचाच होता.

आई पिशवी दारात ठेवून आत आली. खड्ड्यापाशी उकिडवी बसली. पदर नाकाला लावला नाही. आत बघितलं, मग मान वर करून मामांकडे पाहिलं.

"पाव्हनं, मेंढरू आमच्यातलं आसंल," ती म्हणाली. "पर खाल्लं तुमी."

"आन ह्या बिचाऱ्याला बुडवलंय त्यात." तिनं हात घालून तांब्याची प्रतिमा बाहेर काढली. कोपरापर्यंत काळं ओघळलं. "राख हाय का गं?"

"ह्या घरात राख कुठली, आये."

"मंग चिंच दे. मीठ दे. गरम पानी ठेव, त्ये भूत चालू करू नगस."

मागच्या अंगणात नळाखाली बसून तिनं तो देव घासला. चिंचेचा कोळ, मीठ, पुन्हा चिंच. पाण्यावर तेलाचे तवंग तरंगत मोरीकडे गेले. नवरा रंगाच्या रिकाम्या डब्यांत तो लगदा खुरप्यानं भरून बाहेर नेत होता आणि प्रत्येक खेपेला ओकाऱ्या काढत होता. "आवं जावईबापू, नाक धरू नका, तोंडानं श्वास घ्या," आई त्याला नळावरून सांगत होती. "लेंड्या भराय आला आसता आमच्याकडं तर कळलं आसतं." दुपारची गाडी कधी गेली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, की सगळ्यांच्याच लक्षात होतं आणि कुणी बोललं नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

देव लखलखीत झाला तेव्हा मामा मागच्या दारात आले. त्यांनी तारेखाली माझ्या हातून पडलेली घोंगडी उचलली, झटकली, आणि फौजेत घड्या घालतात तशी चारही टोकं जुळवून घडी घातली. ती दोन्ही हातांवर घेऊन आईपुढे धरली. "विहीणबाई, गलती हो गई. आत न्या."

आईचे हात ओले. तिनं घोंगडी घेतली नाही.

"आदी वास घिऊन बगा."

"आवं, आता कशाला..."

"न्हाई, घ्या. तुमच्या नाकाला पटू द्या."

सत्तरी उलटलेल्या सुभेदारांनी माझ्यासमोर, आपल्या मुलासमोर, घोंगडीत नाक घातलं. एकदा घेतला तेवढ्यानं आईचं समाधान झालं नाही, ती बघतच राहिली, तेव्हा त्यांनी पुन्हा घेतला. "काय न्हाई," ते म्हणाले. "लोकरच हाय."

"मंग ऱ्हातो मी," आई म्हणाली. "पर पिशवी तुमी आत न्या."

त्यांनी नेली.

आता पाईप वास्तूला वळसा घालून गेला आहे. भटजींनी दिवस काढून दिला, वास्तू पुन्हा बसवली, बाजूच्या कोरड्या जागी. पंखा चालू केला की मागची झडप उघडते, रविवारी अंगणात रश्श्याचा खमंग वास पसरतो, आणि वकिलीणबाई कुंपणावरून रेसिपी विचारतात. मोगऱ्याचं यंत्र मी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं. आई पूर्वीसारखी शेगडीशी भांडते, भाकरीपुरता पंखा बंद करते, आणि थंडी दवाखान्याविना गेली.

तरी कधी कुणी पाहुणे येणार असले की, चहाचा ट्रे घेऊन बाहेर जाण्याआधी, ती दाराआड क्षणभर थांबते. पदराचं टोक नाकाशी नेते. मग बाहेर जाते. मी तिला म्हणते, "आये, सोड ना आता." ती म्हणते, "काय सोड? मी काय केलं?" खड्डा आम्ही साफ केला, चिंचेनं घासला, सिमेंटनं बुजवला. हे स्वतःला हुंगून बघणं मात्र कशानं निघत नाही. त्याची मला अजून किळस येते.